द्राक्षाची पेटी आणि तिच्याबरोबर जाणारी नोंद

शेतमालाचे भरघोस उत्पादन घेणे हे शेतकऱ्याच्या कामाचे एक अंग होय. तो माल चांगल्या स्थितीत, ठरलेल्या वेळी व किफायतशीर भावाने ग्राहकाच्या हाती पोचविणे हे त्याचे दुसरे अंग होय. पहिल्या अंगाचा विचार बी-बियाणे, खते, पाणी, रोग व किडी अशा अनेक बाजूंनी केला जातो. दुसऱ्या अंगाचा विचार मात्र बहुधा वाहन आणि भाव एवढ्यापुरताच होतो. वास्तविक, माल शेतातून निघाल्यापासून ग्राहकाच्या घरी जाईपर्यंत त्याच्याबरोबर आणखी एक वस्तू प्रवास करीत असते. ती म्हणजे त्या मालाविषयीची माहिती. ही माहिती खरी, पुरी व वेळेवर मिळाली तर माल पुढे सरकतो. ती अपुरी किंवा चुकीची असेल तर उत्तम मालही बंदरात अडकून पडतो. महाराष्ट्रातील द्राक्षांच्या निर्यात-व्यापारात याचा प्रत्यय एकाहून अधिक वेळा आलेला आहे. म्हणून द्राक्षाचेच उदाहरण घेऊन, संगणक व मोबाईल यांच्या साहाय्याने मालाची माहिती कशी राखली जाते, तीत शेतकऱ्याचा वाटा कोणता आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने कोणती मदत करावयाची, याचे विवेचन या पाठात केले आहे.

पुरवठा-साखळी म्हणजे काय?

दिंडोरी किंवा निफाड तालुक्यातील बागेत काढलेली द्राक्षे प्रथम पॅकहाउसमध्ये येतात. तेथे ती निवडून, वजन करून पेट्यांत भरली जातात व थंड केली जातात. पुढे त्या पेट्या शीतगृहातून शीत-कंटेनरमध्ये चढतात व न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात जातात. बोटीचा काही आठवड्यांचा प्रवास करून त्या रॉटरडॅमसारख्या युरोपीय बंदरात उतरतात, आयातदाराच्या गोदामात जातात आणि अखेरीस दुकानाच्या फळीवर मांडल्या जातात. शेतकरी, पॅकहाउस, निर्यातदार, वाहतूकदार, जहाज-कंपनी, आयातदार व दुकानदार ही या साखळीची एकेक कडी होय. या सर्व कड्या मिळून जी रचना होते तीस पुरवठा-साखळी असे म्हणतात.

या साखळीतून तीन प्रवाह वाहत असतात. पहिला मालाचा, तो शेताकडून ग्राहकाकडे जातो. दुसरा पैशाचा, तो ग्राहकाकडून शेताकडे येतो. तिसरा माहितीचा, तो मात्र दोन्ही दिशांनी चालला पाहिजे. माल कोणत्या प्लॉटचा आहे, कोणत्या जातीचा आहे, किती आहे, केव्हा काढला, त्यावर कोणत्या औषधांची फवारणी झाली, ही माहिती मालाबरोबर पुढे जावयास हवी. पेठेत मागणी किती आहे, मण्यांचा आकार कसा हवा, कोणते औषध चालत नाही, पूर्वीचा माल कोणत्या अवस्थेत पोचला, ही माहिती मागे, म्हणजे शेतकऱ्यापर्यंत यावयास हवी.

देशी पेठेतील जुन्या रीतीत हा तिसरा प्रवाह सर्वांत मंद असे. शेतकरी माल भरून आडत्याकडे रवाना करी. माल विकला गेल्यानंतर वजन, भाव, हमाली, तोलाई व इतर कपाती दाखविणारी पट्टी त्याच्या हाती येई, आणि तेव्हा त्याला त्या दिवशी पेठेत काय घडले ते कळे. त्या वेळी करण्यासारखे काही उरलेले नसे. काल भाव चांगला होता असे ऐकून दहा गावच्या शेतकऱ्यांनी आज एकदमच माल पाठवावा आणि आवक वाढून भाव कोसळावा, हेही वारंवार घडत असे व आजही घडते. माहिती मालाच्या मागून येते, हे या नुकसानीचे एक मोठे कारण होय. ती मालाच्या बरोबर, आणि शक्य तेथे मालाच्या पुढे धावावी, एवढ्यासाठी माहिती-तंत्रज्ञानाचा उपयोग करावयाचा असतो.

सुक्याबरोबर ओलेही जळते

२००३ साली युरोपात, विशेषतः नेदरलँडमध्ये, गेलेल्या भारतीय द्राक्षांच्या काही मालात कीटकनाशकांचे उर्वरित अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक आढळून आले. युरोपीय देशांत खाद्यपदार्थांतील धोक्याची सूचना परस्परांना तत्काळ देण्याची व्यवस्था १९७९ पासून आहे. एका देशातील तपासनिसाला आढळलेला दोष त्यामुळे इतर देशांनाही लवकर कळतो. अशी सूचना फिरली की, प्रश्न त्या एका पेटीचा राहत नाही. त्या देशाहून येणाऱ्या सर्वच मालाकडे संशयाने पाहिले जाते, तपासण्या वाढतात, माल रखडतो व भाव पडतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. दोष एखाद्या प्लॉटमध्ये असतो. परंतु तो प्लॉट कोणता हे सिद्ध करता येत नसेल, तर दंड सर्वांना भरावा लागतो. ज्या शेतकऱ्याने शिफारशीप्रमाणे फवारणी केली, ठरलेले दिवस थांबून मग काढणी केली, त्याचाही माल अडतो. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे. त्याच्याजवळ आपले निर्दोषपण दाखविण्यासाठी कागद नसतो, आणि पेट्या एकमेकींत मिसळल्यानंतर त्याची पेटी ओळखताही येत नाही.

याच सुमारास युरोपीय संघाचे नियमही कडक झाले. २००२ साली संघाने अन्नविषयक सर्वसाधारण कायदा केला. त्यातील एका तरतुदीप्रमाणे १ जानेवारी २००५ पासून खाद्यपदार्थांचा व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाला, माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला, हे सांगता येणे आवश्यक झाले. हे बंधन तेथील आयातदारावर आहे; परंतु त्याला उत्तर द्यावयाचे तर तो ते निर्यातदाराला विचारणार, आणि निर्यातदार शेतकऱ्याला विचारणार, हे उघड आहे.

ग्रेपनेटची रचना

२००३ च्या अनुभवानंतर निर्यातीच्या द्राक्षांसाठी उर्वरित अंशांवर देखरेख ठेवण्याची योजना सुरू झाली. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील प्रयोगशाळेकडे या कामी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेचे काम सोपविण्यात आले. पुढे २००६ साली ‘अपेडा’ या केंद्र सरकारच्या निर्यात-विकास संस्थेने ‘ग्रेपनेट’ नावाची संगणकीय व्यवस्था सुरू केली. या व्यवस्थेत कृषि विभाग, प्रयोगशाळा, पॅकहाउस, निर्यातदार व प्रमाणपत्र देणारी खाती एकाच नोंदवहीत लिहितात व एकाच नोंदवहीतून वाचतात. ही नोंदवही कागदाची नसून संगणकातील आहे एवढाच फरक. तिचे टप्पे स्थूलमानाने पुढीलप्रमाणे आहेत.

१. प्लॉटची नोंदणी : युरोपीय संघास द्राक्षे पाठवू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याने आपल्या बागेची नोंदणी कृषि विभागाकडे करावयाची असते. नोंदणी शेतकऱ्याच्या नावाची नव्हे, तर प्लॉटची होते. एका शेतकऱ्याचे तीन प्लॉट असतील तर त्यांना तीन वेगवेगळे क्रमांक मिळतात. पुढील सर्व व्यवहारात हा क्रमांक म्हणजेच त्या प्लॉटचे नाव होय. नोंदणीचे नूतनीकरण दर हंगामात मुदतीत करून घ्यावे लागते.

२. प्लॉटची तपासणी : कृषि विभागाचे अधिकारी बागेस भेट देऊन पिकाची स्थिती, रोग-किडी व शेतकऱ्याने ठेवलेल्या फवारणीच्या नोंदी पाहतात.

३. नमुना व पृथक्करण : काढणीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा प्रतिनिधी स्वतः प्लॉटवर येऊन द्राक्षांचा नमुना घेतो. शेतकऱ्याने किंवा निर्यातदाराने नमुना नेऊन द्यावयाचा नसतो. प्रयोगशाळेचा निष्कर्ष संगणकातील नोंदवहीत चढतो. अंश मर्यादेपेक्षा अधिक निघाल्यास तशी सूचना संबंधितांना जाते व त्या प्लॉटचा माल युरोपीय संघासाठी थांबविला जातो.

४. पॅकहाउसमधील आवक : मान्यताप्राप्त पॅकहाउसमध्ये माल घेताना प्लॉटचा क्रमांक, वजन व तारीख नोंदविली जाते. पेट्यांवर व पेट्यांच्या थप्पीवर, म्हणजे पॅलेटवर, ओळख-क्रमांक लावले जातात.

५. प्रमाणपत्रे : प्रतवारीसाठी ॲगमार्क व रोग-किडींपासून मुक्ततेसाठी वनस्पति-आरोग्य प्रमाणपत्र दिले जाते. प्रमाणपत्र देणाऱ्यास आधीच्या टप्प्यांच्या नोंदी पाहता येतात. एखादा टप्पा राहिला असेल तर काम पुढे सरकत नाही.

या रचनेमुळे शोध उलट दिशेने घेता येतो. युरोपातील गोदामात एखाद्या पेटीत दोष आढळला, तर पेटीवरून पॅलेट, पॅलेटवरून पॅकहाउसमधील त्या दिवसाची आवक, आवकीवरून प्लॉट आणि प्लॉटवरून फवारणीची नोंद, अशा पायऱ्या उतरत मुळापर्यंत जाता येते. त्यामुळे तेवढ्याच प्लॉटचा माल बाजूला काढता येतो व शेजारच्या शेतकऱ्याचा माल सुरक्षित राहतो. कित्येक शेतकऱ्यांना ही नोंदणी म्हणजे सरकारचा एक जाच वाटतो. वास्तविक ती सचोटीच्या शेतकऱ्याची ढाल आहे.

२०१० चा धडा

तथापि, अशी व्यवस्था असूनही २०१० च्या हंगामात भारतीय द्राक्षांवर पुन्हा संकट आले. त्या वर्षी युरोपात पोचलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे शेतकऱ्यांच्या परिचयाचे ‘सी.सी.सी.’, याचे अंश मर्यादेपेक्षा अधिक निघाले. पुष्कळ कंटेनर अडकून पडले आणि निर्यातदारांना व शेतकऱ्यांना जबर तोटा सोसावा लागला. कित्येकांचे त्या हंगामाचे पैसे बुडाले.

हे घडले कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. सी.सी.सी. हे कीटकनाशक नसून वाढ-नियंत्रक आहे. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर फुटींची शाकीय वाढ आटोक्यात राहावी व घडनिर्मिती चांगली व्हावी, म्हणून ते वापरले जाई. फळे मिळतात ती ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या गोडी छाटणीनंतर, पुढील जानेवारी ते एप्रिल या काळात. म्हणजे औषधाचा वापर व फळाची काढणी यांत कित्येक महिन्यांचे अंतर असते. इतक्या अवधीनंतर त्याचा अंश फळात राहणार नाही, अशी सर्वसाधारण समजूत होती. परंतु हे द्रव्य वेलीत दीर्घकाळ टिकून राहते. त्या वेळी युरोपात त्याची मर्यादा किलोग्रॅममागे ०.०५ मिलिग्रॅम इतकी होती. म्हणजे वीस टन द्राक्षांत केवळ एक ग्रॅम. आणि आपल्याकडे प्रयोगशाळांतून ज्या रसायनांसाठी नमुने तपासले जात, त्या यादीत सी.सी.सी. नव्हते.

यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. पहिली ही की, यंत्र विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. जे रसायन यादीत नाही, त्याविषयी प्रयोगशाळेचा अहवाल मूकच राहणार, आणि ग्रेपनेटमध्ये तो प्लॉट निर्दोष दिसणार. म्हणून अनुभव येताच यादी सुधारली पाहिजे. त्याप्रमाणे पुढे सी.सी.सी. चा समावेश तपासणीत करण्यात आला. दुसरी गोष्ट ही की, परदेशातील मर्यादा बदलल्याची वार्ता मागे, थेट बागेपर्यंत आणि तीही खरड छाटणीपूर्वी पोचली पाहिजे. फेब्रुवारीत मिळालेली माहिती मे महिन्यातील फवारणी पुसून टाकू शकत नाही. पुढे जाणारी माहिती चोख असूनही मागे येणारी माहिती उशिरा आली, तर साखळी तुटते, हे २०१० साली दिसून आले.

माल थंड ठेवणे व त्याची नोंद

औषधांच्या अंशाइतकीच महत्त्वाची दुसरी बाब म्हणजे तपमान. द्राक्षे वेलीवरून काढल्यानंतरही श्वसन करीत असतात. उन्हात राहिल्यास त्यांतील पाणी उडते, देठ सुकून तपकिरी होतात व मणी गळू लागतात. म्हणून काढणी सकाळच्या थंड वेळी करावी, क्रेट सावलीत ठेवावेत व शक्य तितक्या लवकर, सर्वसाधारणपणे चार ते सहा तासांच्या आत, त्यांचे पूर्वशीतकरण सुरू करावे. पुढे साठवण व प्रवास यांत तपमान शून्य ते एक अंश सेल्सिअस व सापेक्ष आर्द्रता ९० ते ९५ टक्के राखावी लागते.

पूर्वी कंटेनर रवाना झाल्यावर आतील तपमानाचे काय झाले, हे दार उघडेपर्यंत कळत नसे. आणि माल खराब निघाला तर शेतकरी वाहतूकदाराला, वाहतूकदार पॅकहाउसला व पॅकहाउस शेतकऱ्याला दोष देई. आता कंटेनरमध्ये तपमान नोंदविणारे छोटे यंत्र ठेवतात. ते ठरावीक वेळाने तपमान टिपून ठेवते. काही यंत्रे तर ती नोंद प्रवासातच कळवितात. त्यामुळे थंडी कोणत्या दिवशी व कोणाच्या ताब्यात असताना तुटली, हे दाखविता येते. मात्र या यंत्राची नोंद कंटेनरपासून सुरू होते. बागेत क्रेट किती वेळ उन्हात राहिले, हे त्याला ठाऊक नसते. ती वेळ शेतकऱ्यानेच लिहून ठेवावयाची असते.

माहिती मालाच्या पुढे धावल्याने काढणीचा निर्णयही बदलतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे युरोपकडे जाणाऱ्या पुष्कळ बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या व २०२४ च्या द्राक्ष हंगामात त्यांचा प्रवास सुमारे दहा ते पंधरा दिवसांनी लांबला. ज्यांना हे आधी कळले, त्यांना अधिक काळ टिकतील असेच घड निवडणे, कमकुवत देठांचा माल देशी पेठेकडे वळविणे व भावाची बोलणी त्याप्रमाणे करणे शक्य होते. ज्यांना ते माल चढविल्यावर कळले, त्यांच्या हाती काही उरले नाही.

साखळीची पहिली कडी : प्लॉटवरील वही

एवढी मोठी रचना अखेर एका साध्या वहीवर उभी आहे. ती वही शेतकऱ्याच्या घरी असते. संगणक माहिती निर्माण करीत नाही. तो दिलेली माहिती जपतो, जुळवितो व क्षणात दूरवर पोचवितो. खोटी नोंदसुद्धा तो तितक्याच इमानाने जपून ठेवतो. म्हणून वही खरी असली पाहिजे.

याचे एक उदाहरण घेऊ. समजा, एका औषधासाठी फवारणीनंतर काढणीपूर्वी ४० दिवस थांबण्याची शिफारस आहे. शेतकऱ्याने ५ जानेवारीस फवारणी केली, तर १४ फेब्रुवारीपूर्वी त्याने घड काढता कामा नयेत. त्याने तारीख लिहून ठेवली नाही व “नाताळच्या सुमारास फवारले असेल” असे स्मरणाने सांगितले, तर हिशेब २५ डिसेंबरपासून होईल आणि ३ फेब्रुवारीलाच काढणी सुरू होईल. फरक अवघा अकरा दिवसांचा. परंतु तेवढ्यावरून नमुना नापास होऊ शकतो. स्मरणशक्ती आणि लिखित नोंद यांच्यामधील अंतर येथे पैशांत मोजले जाते.

प्रत्येक फवारणीच्या वेळी वहीत पुढील गोष्टी त्याच दिवशी लिहाव्यात :

प्लॉटचा नोंदणी-क्रमांक व क्षेत्र. फवारणीची तारीख व वेळ. कोणत्या रोगासाठी वा किडीसाठी फवारणी केली. औषधाचे व्यापारी नाव व त्यातील मूळ घटकाचे नाव. बाटलीवरील उत्पादन-गट क्रमांक. औषधाचे प्रमाण व वापरलेले पाणी. शिफारशीप्रमाणे थांबावयाचे दिवस. फवारणी करणाऱ्याचे नाव. त्या सुमारास पाऊस झाला असल्यास त्याची नोंद.

औषध खरेदीच्या पावत्या याच वहीत चिकटवून ठेवाव्यात. खरड छाटणीपासूनच्या सर्व फवारण्या लिहाव्यात. केवळ गोडी छाटणीनंतरच्या लिहून भागत नाही, हे २०१० च्या अनुभवावरून स्पष्ट आहे. काही तथाकथित टॉनिके व वाढवर्धके बाटलीवर घटक न छापता विकली जातात. ज्या बाटलीतील घटक वहीत लिहिता येत नाही, ती बाटली निर्यातीच्या प्लॉटवर वापरू नये, हाच सुरक्षित नियम होय.

दोन चुका विशेषत्वाने टाळावयाच्या आहेत. तपासणीचा दिवस जवळ आला म्हणजे संपूर्ण हंगामाच्या नोंदी एका बैठकीत, एकाच पेनाने, शेजाऱ्याच्या वहीवरून उतरून काढण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. अशी वही दिसावयास सुबक असते, परंतु प्रयोगशाळेत आढळलेला अंश आणि वहीतील फवारण्या यांचा मेळ बसत नाही तेव्हा ती शेतकऱ्याच्याच विरुद्ध साक्ष देते. दुसरी चूक मिसळीची. कंटेनर भरण्यास वीस क्रेट कमी पडतात, तेव्हा भाऊबंदाच्या नोंदणी नसलेल्या प्लॉटमधील माल आपल्या क्रमांकाखाली घालण्याचा मोह होतो. त्यात वाईट हेतू नसेलही. परंतु त्या वीस क्रेटांत दोष निघाला, तर तो ज्याच्या क्रमांकाखाली माल गेला त्याच्याच नावावर लागतो, आणि ज्याने वर्षभर पथ्य पाळले त्याचा प्लॉट नापास ठरतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

शेतकऱ्याला वही ठेवावयास सांगून कार्यकर्त्याचे काम संपत नाही. त्याने पुढील गोष्टी कराव्यात.

१. नोंदणी व नूतनीकरण यांच्या मुदती गावात वेळेपूर्वी जाहीर कराव्यात आणि अर्ज भरताना गट क्रमांक, क्षेत्र व जात सातबाराशी व प्रत्यक्ष बागेशी पडताळून पाहावी. आरंभीची चूक पुढील प्रत्येक टप्प्यात उमटते.

२. ज्यांना लिहिणे कठीण जाते, त्यांच्या घरातील शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींना वही लिहावयास शिकवावे. घरातील स्त्रियाही हे काम नेटकेपणे करू शकतात; पुष्कळ घरी बागेचा हिशेब त्यांच्याच हाती असतो.

३. निर्यातीसाठी शिफारस केलेल्या औषधांची चालू हंगामाची यादी खरड छाटणीपूर्वी मिळवून ती वाचून दाखवावी. गेल्या वर्षीची यादी यंदा चालेल असे गृहीत धरू नये.

४. प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत शेतकऱ्याने मागून घ्यावी, यासाठी त्यास उत्तेजन द्यावे. पुष्कळदा अहवाल निर्यातदाराजवळच राहतो व शेतकऱ्याला केवळ “पास” किंवा “नापास” एवढेच कळते. कोणत्या घटकाचा किती अंश निघाला हे कळल्याशिवाय पुढील वर्षी सुधारणा होणार नाही.

५. एखादा प्लॉट नापास झाल्यास शेतकऱ्याला दोष देत न बसता वही व अहवाल समोर ठेवून कारण शोधावे. चूक मात्रेची होती, दिवसांची होती, शेजारच्या बागेतून उडून आलेल्या तुषारांची होती, की बाटलीतील भेसळीची, हे पाहावे. लपविलेली चूक दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही. उघड झालेली चूक साऱ्या गावाला शहाणे करते.

मोबाईलवरून नोंदणीचे अर्ज करण्याची सोयही झाली आहे. तिचा लाभ अवश्य घ्यावा. मात्र अर्ज दुसऱ्याच्या मोबाईलवरून भरून घेतला असेल, तर प्लॉटचा क्रमांक व अर्जाची माहिती आपल्या वहीत उतरवून घेण्यास शेतकऱ्याने विसरू नये.

इतर मालास हेच तत्त्व

द्राक्षांच्या अनुभवावरून डाळिंबासाठी अनारनेट, आंब्यासाठी मँगोनेट व भाजीपाल्यासाठी व्हेजनेट अशा व्यवस्था निघाल्या. दूध-संकलन केंद्रावर वजन, स्निग्धांश व रक्कम दाखविणारी छापील चिठ्ठी जागच्या जागी हाती पडते, तीही याच तत्त्वावर. तेथे उत्पादकाला पट्टीची वाट पाहावी लागत नाही. १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या ई-नाम या राष्ट्रीय कृषि बाजाराचा हेतूही निरनिराळ्या बाजार समित्यांतील आवक, प्रत व बोली यांची माहिती एकमेकींना जोडणे हाच आहे. माल निराळा व यंत्र निराळे असले, तरी प्रश्न एकच राहतो : पहिली नोंद कोणी केली, केव्हा केली आणि ती खरी आहे काय?

सारांश

पुरवठा-साखळीत माल, पैसा व माहिती असे तीन प्रवाह असतात व त्यांपैकी माहितीचा प्रवाह दोन्ही दिशांनी चालावा लागतो. माहिती मालाच्या मागे राहिल्यास एकाच्या दोषासाठी सर्वांना दंड होतो. ती मालाबरोबर गेल्यास दोष त्याच्या जागी थांबविता येतो. संगणकीय व्यवस्था ही नोंदी जपणारी व पोचविणारी आहे. ती प्लॉटवरील वहीची जागा घेऊ शकत नाही. बागेतील फवारणीच्या दिवशी, हात धुऊन झाल्यावर लिहिलेल्या चार ओळी परदेशातील बंदरापर्यंत त्या मालाची बाजू मांडतात. म्हणून द्राक्षाची पेटी भरण्याची तयारी कात्री घेऊन नव्हे, तर खरड छाटणीच्या वेळी वही उघडूनच सुरू झाली पाहिजे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पट्टी हाती आल्यावर मिळणारी माहिती शेतकऱ्याच्या उपयोगी का पडत नाही?

२. प्लॉटची नोंदणी शेतकऱ्याच्या नावाने न होता प्लॉटच्या क्रमांकाने का होते?

३. २०१० साली ग्रेपनेट चालू असूनही नुकसान का झाले? त्यातील कोणती उणीव प्रयोगशाळेतील होती व कोणती माहितीच्या प्रवाहातील?

४. आपल्या गावातील एका प्लॉटची फवारणीची वही पाहून वर दिलेल्या बाबींपैकी कोणत्या नोंदी राहिल्या आहेत ते शोधून काढा व शेतकऱ्याशी त्याविषयी चर्चा करा.